काळं तेल कुणाला द्यायचं?

वाचकाचं पत्र

आदरणीय काका,

सांवेर रोडला आमचा शेव-नमकीनचा छोटा कारखाना आहे, सासऱ्यांनी उभा केलेला. लग्नानंतर हिशेब माझ्याकडे आला. रोज साठेक लिटर तेल कढयांमध्ये जातं आणि आठवड्याला पंधरा किलोचे पाच डबे काळं तेल निघतं. ते वर्षानुवर्षं एकच माणूस रोख पैसे देऊन नेतो. पुढे तो ते ठेल्यांवर विकतो हे घरात सगळ्यांना माहीत आहे, बोलत कुणी नाही. गेल्या महिन्यात बायोडिझेलसाठी तेल गोळा करणाऱ्या संस्थेचा माणूस येऊन गेला. तो पावती देतो, पण लिटरमागे दहा रुपये कमी. बाबा म्हणतात, पर्यावरणाच्या नावाखाली आपण नुकसान का सोसायचं? धाकटे दीर इंजिनीयरिंगला आहेत. ते म्हणतात, कुणालाच देऊ नका, आपण कारखान्यातच बायोडिझेल करू, जनरेटर आणि लोडिंग गाडी त्यावर चालवू. बायोडिझेलचा खरंच काही फायदा असतो का, तेच मला कळत नाही. घरात वाद नको आहे. काय करावं?

– एक सून, इंदूर

ताई,

आधी उत्तर सांगतो, मग कारणं. तेल बायोडिझेलवाल्याला द्या, दहा रुपये कमी मिळाले तरी द्या. आणि दिरांना कारखान्यात ड्रम मांडू देऊ नका.

दहा रुपयांचं नुकसान मी हलकं धरत नाही. पाच डबे म्हणजे ऐंशी लिटरच्या आसपास तेल. आठवड्याला आठशे रुपये, वर्षाला चाळीस हजारांच्या वर. छोट्या कारखान्यात ही रक्कम जाणवतेच, त्यामुळे बाबांची नाराजी समजण्यासारखी आहे. पण हा फरक पडतो कशामुळे, हे एकदा नीट पाहा. जुना माणूस तेल नेतो ते खाण्याचं तेल म्हणून. त्याच्या डब्याची तुलना होते नव्या सोयाबीन तेलाच्या डब्याशी, आणि त्या डब्याचा भाव तुम्हाला माझ्यापेक्षा चांगला ठाऊक आहे. ठेलेवाल्याला नव्यापेक्षा बऱ्यापैकी स्वस्त मिळालं की तो घेतो. बायोडिझेलवाला तेच तेल इंधनाचा कच्चा माल म्हणून नेतो, म्हणून त्याची तुलना डिझेलशी. गाडीभाडं, मिथेनॉल, वीज, मजुरी, कर हे सगळं त्याला डिझेलच्या भावाच्या आत बसवावं लागतं. १० ऑगस्ट २०१९ रोजी तिन्ही सरकारी तेल कंपन्यांनी वापरलेल्या खाद्यतेलाचं बायोडिझेल विकत घेण्याची योजना आणली, तेव्हा पहिल्या वर्षासाठी दर ठेवला होता लिटरला ५१ रुपये. भाव बदलत राहतात, गणित तेच राहतं. तयार मालालाच असा लगाम असेल तर काळ्या तेलाला तो ठेल्याचा भाव देऊ शकत नाही.

म्हणजे वरचे दहा रुपये तुम्हाला मिळतात ते, हे तेल माणसांनी पुन्हा खावं यासाठी. हे वाक्य कठोर आहे, पण तुमच्या पत्रातच ते आहे. तुम्हाला ते बोचतंय म्हणूनच तुम्ही लिहिलंत, असं मी समजतो.

त्या तेलाचं काय झालेलं असतं ते बाबांना कुणी सांगायला नको. बेसनातलं पाणी उकळत्या तेलात सुटतं, तेलाचे रेणू फुटतात, आम्लता वाढते. वरून हवा लागते, घाण्यामागून घाणा निघतो, फुटलेले तुकडे एकमेकांना चिकटून जड होतात. मग तेल काळवंडतं, चिकट होतं, झाऱ्यावरून तार धरल्यासारखं उतरतं, फेस बसत नाही आणि लवकर धूर सुटतो. या बिघडलेल्या भागाला रसायनशास्त्रात ध्रुवीय संयुगं म्हणतात. त्यांचं प्रमाण २५ टक्क्यांच्या वर गेलं की ते तेल खाण्यासाठी वापरता येत नाही. एफएसएसएआय या देशाच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाची ही मर्यादा १ जुलै २०१८ पासून लागू आहे. असं तेल पोटात जात राहिलं तर रक्तदाब, धमन्या कडक होणं, यकृताचे आजार यांच्याशी त्याचा संबंध येतो, असं याच प्राधिकरणाचं म्हणणं आहे. आणि हे तेल जातं कुणाकडे? सकाळी कामावर जाताना दहा-वीस रुपयांत पोट भरणाऱ्याकडे. छप्पन दुकान या खाऊगल्लीतल्या मोठ्या दुकानात बसून कचोरी खाणाऱ्याला निवड करता येते, पुलाखालच्या ठेल्यावर खाणाऱ्याला करता येत नाही.

नियमही सांगून ठेवतो, कारण हिशेब तुमच्याकडे आहे. तळण्यासाठी दिवसाला ५० लिटरपेक्षा जास्त तेल वापरणाऱ्या प्रत्येक व्यवसायाला १ मार्च २०१९ पासून तेलाची नोंद ठेवावी लागते आणि वापरलेलं तेल अधिकृत संस्थेलाच द्यावं लागतं. कोणतं तेल, किती घेतलं, दिवसअखेर किती काढून टाकलं, कोणत्या तारखेला कुणाला दिलं, एवढंच लिहायचं असतं. तुमचे साठ लिटर या नियमात येतात. रोख देणारा माणूस पावती देत नाही, म्हणजे तुमच्या वहीतला शेवटचा रकाना कायम रिकामा राहणार. परवाना बाबांच्या नावावर असेल तर जबाबदारीही त्यांचीच.

आता तुमचा खरा प्रश्न. बायोडिझेलचा फायदा होतो का? होतो, आणि मोजता येतो. मात्र फायदा किती, हे बायोडिझेल कशापासून केलं आहे त्यावर ठरतं. तुमच्या डब्यातल्या तेलाचा क्रमांक त्यात फार वरचा आहे.

तेलाचा प्रत्येक रेणू म्हणजे ग्लिसरीनच्या कण्याला जोडलेली तीन मेदाम्लं. मिथेनॉल आणि थोडा कॉस्टिक सोडा घालून गरम केलं की मेदाम्लं ग्लिसरीनपासून सुटतात आणि मिथेनॉलला जोडली जातात. खाली ग्लिसरीन बसतं, वर बायोडिझेल तरंगतं. ढोबळमानाने शंभर किलो चांगल्या तेलाला दहा किलो मिथेनॉल लागतं आणि शंभर किलो बायोडिझेल व दहा किलो ग्लिसरीन मिळतं. काळ्या तेलात घट जास्त येते. ग्लिसरीन शुद्ध करून साबण-सौंदर्यप्रसाधनांत जातं, त्यामुळे तेही वाया जात नाही.

बायोडिझेलच्या वजनात सुमारे ११ टक्के ऑक्सिजन असतो आणि गंधक जवळजवळ नसतं. त्यामुळे ते जास्त पूर्ण जळतं. अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेने २००२ मध्ये अनेक इंजिनांच्या चाचण्या एकत्र करून पाहिल्या. डिझेलमध्ये २० टक्के बायोडिझेल मिसळल्यावर धुरातले कण सुमारे १० टक्क्यांनी, कार्बन मोनॉक्साइड ११ टक्क्यांनी आणि न जळलेले हायड्रोकार्बन २१ टक्क्यांनी कमी झाले. नायट्रोजनची ऑक्साइडं मात्र सुमारे २ टक्क्यांनी वाढली. ही वाढ खरी आहे, दिरांनी कुठे वाचली असेल तर त्यांना खोटं पाडू नका. शिवाय ती इंजिनं जुन्या पद्धतीची होती. आजच्या बीएस-६ गाडीत धूर गाळणारी यंत्रणाच बसवलेली असते, तिथे हा फरक कमी दिसेल. आपल्याकडे रस्त्यावर, शेतात, बांधकामांवर जुनी इंजिनं अजून पुष्कळ आहेत, आणि त्यांच्या धुराजवळ माणसं उभी असतात. फायदा तिथे जास्त.

कार्बनचा हिशेब माझ्या मते सगळ्यात भक्कम आहे. डिझेल जाळलं की जमिनीखाली कोट्यवधी वर्षं गाडलेला कार्बन वर येतो. तुमच्या तेलातला कार्बन गेल्या पावसाळ्यात माळव्यातल्या नाहीतर परदेशातल्या कुठल्यातरी शेतातल्या पिकाने हवेतूनच घेतलेला. आणि ते पीक इंधनासाठी लावलेलंच नव्हतं, शेवेसाठी लावलं होतं. तेलाचं पहिलं काम कढईत झालं, इंधन त्याच्या उरलेल्या भागातून होतं. म्हणून तेल गोळा करण्यापासून गाडीच्या नळकांड्यापर्यंतचा हिशेब मांडला तर वापरलेल्या तेलाचं बायोडिझेल हरितगृह वायू ८० टक्क्यांहून अधिक कमी करतं. तुमच्यापुरतं सांगायचं तर वर्षाला चार हजार लिटरच्या आसपास काळं तेल, त्यातून घट जाऊन तीन हजार लिटरच्या थोडं वर बायोडिझेल. एक लिटर डिझेल जळलं की २.७ किलोच्या जवळपास कार्बन डायऑक्साइड निघतो. बायोडिझेलमध्ये ऊर्जा थोडी कमी असते, ते करायलाही ऊर्जा लागते, हे सगळं वजा केलं तरी तुमच्या एका कारखान्यामागे वर्षाला सहा टनांच्या आसपास कार्बन डायऑक्साइड वाचतो.

याउलट पाम तेलासाठी जंगल तोडून लावलेल्या मळ्यातल्या तेलाचं बायोडिझेल केलं, तर ते डिझेलपेक्षाही महाग पडू शकतं, हवेला आणि जंगलालाही. नाव दोन्हींचं एकच. म्हणून कुणी नुसतं 'बायोडिझेल' म्हणालं की मी आधी विचारतो, कशाचं?

पैशाचा मोठा हिशेबही याच प्रश्नाशी येऊन थांबतो. आपला देश लागणाऱ्या कच्च्या तेलापैकी ८५ टक्क्यांहून जास्त बाहेरून आणतो आणि खाद्यतेलही निम्म्याहून अधिक बाहेरूनच येतं. अशा देशात नवं खाद्यतेल टाकीत ओतणं परवडणारं नाही. माळवा सोयाबीनचा, सोयाबीन संशोधनाची राष्ट्रीय संस्था आपल्याच खंडवा रोडवर, तेव्हा सोयाबीनचंच डिझेल का नको, असं पुष्कळ जण विचारतात. सोयाबीनमध्ये तेल जेमतेम १८ ते २० टक्के, आणि ते तेल ताटात कमी पडतंय. एवढं उत्तर पुरे. रतनजोतीचा, म्हणजे बियांतून तेल देणाऱ्या जट्रोफाचा, अनुभवही लोकांना आठवत असेल. २००३ नंतर देशभर पडीक जमिनीवर रतनजोत लावायची मोहीम निघाली, २००९ च्या धोरणाने तर २०१७ पर्यंत २० टक्के मिश्रणाचं उद्दिष्ट ठेवलं. पडीक जमिनीत, पाण्याविना झाड जगलं, पण बी पुरेसं आलं नाही. ज्या शेतकऱ्यांनी भरवशावर लावलं त्यांतल्या अनेकांना ते उपटावं लागलं. २०१८ च्या नव्या धोरणाने उद्दिष्ट खाली आणलं, २०३० पर्यंत डिझेलमध्ये ५ टक्के, आणि त्यात वापरलेल्या तेलाला ठळक जागा दिली. हे शहाणपणाचं झालं.

तरी वापरलेल्या तेलाने देशाचं डिझेल सुटेल असं कुणी सांगितलं तर मानू नका. योजनेच्या वेळी सरकारचाच अंदाज होता की हॉटेलं, कँटिनं, कारखाने अशा मोठ्या ठिकाणांहून वर्षाला १४० कोटी लिटर वापरलेलं तेल गोळा होऊ शकतं आणि त्यातून ११० कोटी लिटर बायोडिझेल होईल. देशात वर्षाला जळणारं डिझेल दहा हजार कोटी लिटरच्या आसपास आहे. म्हणजे सगळं जमलं तरी साधारण एक टक्का. पण हा एक टक्का परदेशातून आणावा लागत नाही. तो पैसा तेल गोळा करणाऱ्या पोरांकडे, टेम्पोवाल्याकडे, छोट्या प्लांटमधल्या कामगारांकडे राहतो. आणि त्या १४० कोटी लिटरमधलं जे तेल आज पुन्हा कढईत किंवा गटारात जातं, ते तिथून बाहेर निघतं. माझ्या दृष्टीने मोठा फायदा हाच, आणि तो डिझेलच्या कुठल्याही आकड्यात दिसत नाही. गटाराचं म्हणाल तर थंडीत तेल नळीत गोठतं, साचतं, सांडपाणी शुद्ध करणाऱ्या प्लांटला जड जातं. कान्ह आणि सरस्वती या नद्यांत जाणारे नाले अडवून इंदूरने २०२१ मध्ये देशातलं पहिलं 'वॉटर प्लस' शहर हे नाव मिळवलं. ते टिकवायचं तर तेलकट पाणी आतच थांबायला हवं, कारण कान्ह पुढे क्षिप्रेला मिळते.

ओल्या कचऱ्याचं या शहराने काय केलं ते आपण सगळे पाहतो. देवगुराडियाला रोज ५५० टन ओला कचरा घेणारा बायो-सीएनजी प्लांट फेब्रुवारी २०२२ मध्ये सुरू झाला आणि त्या गॅसवर शहरात बस धावते. भाजीची देठं वेगळी ठेवायला आपण घराघरांत शिकलो. तेलाचा डबा वेगळा ठेवणं त्याहून अवघड नाही.

आता तुमचे दीर. त्यांचा उत्साह मला आवडला, आणि म्हणूनच स्पष्ट लिहितो. मिथेनॉल म्हणजे विषारी दारूच्या बातम्यांत माणसं आंधळी करणारं, मारणारं तेच द्रव्य. ते कातडीतून आणि श्वासातूनही अंगात जातं. साध्या खोलीच्या तापमानालाच त्याची वाफ पेट घेते, आणि त्याची ज्योत दिवसाच्या उजेडात जवळजवळ दिसत नाही. तुमच्या कारखान्यात दिवसभर भट्ट्या पेटलेल्या असतात, बेसनाची धूळ असते, शेजारी तेलाचे डबे असतात. तिथे मिथेनॉलचा कॅन आणणं म्हणजे कारागिरांचा जीव टांगणीला लावणं. दुसरं असं की काळ्या तेलात आम्लता जास्त असते. त्यात सरळ कॉस्टिक घातला तर बायोडिझेलऐवजी साबणाचा गोळा होतो. आधी आम्लाची वेगळी प्रक्रिया करावी लागते, मग धुणं, वाळवणं, आणि शेवटी आयएस १५६०७ या मानकाप्रमाणे तपासणी. यातली एकही पायरी व्हिडिओ पाहून शिकण्याची नाही. त्यांना खरी ओढ असेल तर कॉलेजच्या रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत, शिक्षकांसमोर, धूर ओढणाऱ्या कपाटात अर्धा लिटर करून बघू दे. तेलाचा नमुना तुम्ही द्या. प्रकल्प म्हणून तो उत्तम होईल.

गाळून घेतलेलं तेल तसंच डिझेलमध्ये मिसळून पाहू, असंही कधी त्यांच्या मनात येईल. ते नकोच. १९०० साली पॅरिसच्या प्रदर्शनात डिझेल इंजिन शेंगदाणा तेलावर चालवून दाखवलं होतं, ही गोष्ट खरी आहे. पण ते इंजिन संथ आणि दणकट होतं. खाद्यतेल डिझेलच्या जवळजवळ दहापट घट्ट असतं. आजच्या इंजिनाचे बारीक इंजेक्टर त्याने काजळतात, आणि गाडीची दुरुस्ती तुमच्या वर्षाच्या चाळीस हजारांहून जास्त होऊ शकते. लोडिंग गाडीत बाहेरून आणलेलं निव्वळ बायोडिझेलही भरू नका. बीएस-६ डिझेलच्या मानकात ७ टक्क्यांपर्यंत बायोडिझेल चालतं, ते मिश्रण तेल कंपनी करते आणि ते पंपावरून येतं. त्याहून जास्त घालायचं तर गाडीच्या कंपनीची लेखी संमती हवी. बायोडिझेल टाकीतला जुना गाळ सोडवतं, मग सुरुवातीला फिल्टर तुंबतात. जुन्या गाड्यांतले रबराचे भाग फुगतात. बायोडिझेल पाणी धरतं, फार महिने साठवता येत नाही, आणि वापरलेल्या तेलाचं असेल तर इंदूरच्या डिसेंबरातल्या पहाटे घट्ट व्हायला लागतं. हायवेवर 'बायोडिझेल' अशी पाटी लावून पंपापेक्षा बरंच स्वस्त विकणाऱ्यांपासून तर लांबच राहा. त्या नावाखाली औद्योगिक तेलं विकणाऱ्यांवर शेजारच्या गुजरातेत मोठ्या कारवाया झालेल्या आहेत.

बाबांशी बोलताना पर्यावरण आणि कार्बन हे शब्द बाजूला ठेवा. त्यांनी आयुष्यभर तेलाच्या वासावरून कढई ओळखली आहे, तोच धागा धरा. ध्रुवीय संयुगं मोजणारं हातात धरायचं यंत्र मिळतं. तेल गोळा करणाऱ्या संस्थेला ते घेऊन यायला सांगा, आणि मोजणी बाबांच्याच हाताने होऊ दे. कोणत्या घाण्याला तेल उतरवायचं हा निर्णयही त्यांचाच ठेवा. कदाचित असं दिसेल की काही तेल आपण लवकर काढतोय. रोज संध्याकाळी बेसनाचा चुरा नीट गाळला, कढई झाकून ठेवली, विनाकारण तापवत ठेवली नाही, तर तेल जास्त टिकतं आणि नव्या तेलाचा खर्च वाचतो. त्या दहा रुपयांतले काही रुपये इथून परत येतील. सगळे येतील असं मी म्हणणार नाही.

आणि तो जुना माणूस. इतक्या वर्षांचा संबंध फोनवर तोडू नका. त्याच्याकडे गाडी आहे, ओळखी आहेत, कुठल्या गल्लीत कुणाची कढई चालते हे त्याला पाठ आहे. तेल गोळा करणाऱ्या संस्थांना अशीच माणसं लागतात. दोघांना तुमच्या कारखान्यात एकदा समोरासमोर बसवा. तो त्यांच्यासाठी पावतीवर तेल उचलायला तयार झाला तर त्याची रोजी जात नाही आणि बाबांनाही शब्द मोडल्यासारखं वाटणार नाही. तयार नाही झाला, तर तेल त्याला देणं थांबवा. हे बाबांनीच त्याला सांगावं, तुम्ही नाही.

पहिली उचल देण्यापूर्वी संस्थेचं नाव एफएसएसएआयच्या 'रुको' या वापरलेल्या तेलाच्या उपक्रमाच्या यादीत आहे ना, ते तपासून घ्या आणि तेल पुढे कोणत्या प्लांटला जातं ते लेखी मागा. डबे झाकणाचे ठेवा, पाणी अजिबात जाऊ देऊ नका, नाहीतर ते भाव आणखी पाडतील. एका संस्थेचा दर पटला नाही तर यादीतल्या दुसरीला विचारा. दर आठवड्याच्या पाच डब्यांऐवजी महिन्याचे वीस डबे एका फेरीत दिले, किंवा शेजारच्या दोन-तीन कारखान्यांनी मिळून एकच दिवस ठरवला, तर त्यांचं गाडीभाडं वाचतं. दरात घासाघीस करायची ती याच मुद्द्यावर करा.